काळी दोन आणि पांढरी तीन यांच्या मधोमध

सतीश सरवदे यांच्या घरी गाणं मुद्रित करायचं, तर आधी नळाचा दिवस पाहावा लागतो. पाणी काही रोज येत नाही. पण ज्या दिवशी येतं त्या दिवशी गल्लीतल्या यच्चयावत मोटारी एकदम घुमू लागतात, आणि ती घुमघुम गच्चीवरच्या खोलीत, भिंतींना टांगलेल्या नऊ जुन्या चादरींना न जुमानता, थेट माइकमध्ये शिरते. म्हणून त्यांच्या पत्नी सोनाबाई यांनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दोन रंगांची व्यवस्था लावून दिली आहे: पाण्याच्या दिवसाला निळी खूण, नवऱ्याच्या गाण्याच्या दिवसाला लाल.

“निळ्या दिवशी पानी भरायचं. लाल दिवशी काय बोंबलायचं ते बोंबला,” असं त्या सांगतात.

“बोंबलणं न्हाय, रॉक म्हणत्यात त्याला.”

“म्हणू देत की. चहाला मात्र खाली यायचं. मी जिना चढणार न्हाय.”

गेल्या चार वर्षांत या संवादात फारसा फरक पडलेला नाही, आणि तो पडू नये अशीच दोघांची इच्छा असावी.

सतीशराव चौसष्ट वर्षांचे आहेत. टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून अडतीस वर्षं खांबांवर चढ-उतार करून ते निवृत्त झाले, आणि निवृत्तीच्या पहिल्याच महिन्यात त्यांनी गच्चीवरची अडगळीची खोली मोकळी केली. तिथे आता एक जुना कॉम्प्युटर आहे, एक माइक आहे, दोन गिटार आहेत, आणि पत्र्याची एक डबी आहे. मोडीत निघालेल्या टेलिफोनांचे सुटे भाग जोडून ही डबी त्यांनी तरुणपणी स्वतः बनवली. गिटारची तार छेडली की आवाज या डबीतून करवतीसारखा खरखरत, आणि तरीही गोल होऊन, बाहेर पडतो. गिटार तेच वाजवतात, बेस तेच धरतात, गातातही तेच. ढोलांचा ठेका तेवढा कॉम्प्युटर पुरवतो. एक थर वाळल्यावर दुसरा द्यावा तसं गाणं हळूहळू उभं राहतं. तयार झालं की ते पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीला, धम्मप्रियाला, पाठवतात. ती ते इंटरनेटवर चढवते. चाळीस-पन्नास माणसं ऐकतात. सतीशरावांना तेवढी पुरतात. खांबावर चढलेल्या माणसाला खालून इतके लोकही कधी पाहत नसत, असं ते म्हणतात.

अशी आठ गाणी झाली. सात पूर्ण, आठवं अपूर्ण. आठव्या गाण्याच्या मध्यभागी चोवीस सेकंदांची मोकळी जागा होती. तिथे ठेका चालू राहतो, बेस दबक्या पावलांनी मागे चालतो, आणि त्यांच्यावर काहीच येत नाही. ही जागा १९८३ सालापासून मोकळी होती. ती जोतिरामदादांच्या पेटीसाठी राखलेली होती, आणि जोतिरामदादांशी त्यांचं तेव्हापासून बोलणं नव्हतं.

जोतिराम वस्तीतल्या गायन पार्टीचे पेटीवाले. सतीशपेक्षा पाच वर्षांनी मोठे, आणि आवाजाने त्याहून मोठे. गिरणीत राबून त्यांच्या वडिलांनी घेतलेली दुहेरी सुरांची पेटी ते वाजवत. सतीश तेव्हा बावीस वर्षांचा होता आणि पार्टीत नवा होता. आखाती देशातून परतलेल्या एका शेजाऱ्याचा टेपरेकॉर्डर दोन हात फिरून त्याच्याकडे आला होता, आणि त्याच्यासोबत कव्हर हरवलेली एक कॅसेट. गाणारे कोण, कुठले, काय म्हणतात, काहीच ठाऊक नव्हतं. फक्त त्या गिटारचा आवाज ऐकून आपण इतके दिवस बहिरे होतो असं त्याला वाटलं. कॅसेट पुढे-मागे फिरवत, टेपला कान लावून, तो गिटार शिकला. तारा लावल्या त्याही टेपवरूनच.

त्या गिटारवर त्याने पहिलं गाणं रचलं ते खांबावरचं, तेच पुढे मुद्रणात आठवं म्हणून अपूर्ण राहिलेलं:

खांबावर चढलो, गाव बघितलं,
माजं घर लई बारकं हाय;
तारंवर बसलेल्या चिमणीला इचारलं,
तुजं तरी कुटं मोठं हाय?

जोतिरामदादांना गाणं आवडलं. मधल्या जागेसाठी त्यांनी घरी बसून पेटीची एक चाल बांधली. एकत्र सराव असा झाला नाही, कारण सतीशच्या पाळ्या आणि पार्टीचे कार्यक्रम यांचा मेळ बसेना. एप्रिलात विहाराच्या पटांगणात जयंतीचा कार्यक्रम होता. तिथे पहिलं कडवं रंगलं. मग पेटी आली, आणि दोन सूर एकमेकांच्या अंगावर घासले जाऊन असा कालवा उठला की पुढे बसलेल्या बायकांनी कपाळाला आठ्या घातल्या. जोतिरामदादांनी भाता थांबवला.

“सत्या, गिटार बंद,” ते माइकवरच म्हणाले. “जा, कान धुऊन ये.”

“कान माजे चांगले हायत,” सतीशही माइकवरच म्हणाला. “तुमी पेटी तपासा. बापानं घेतलीय म्हणून सूर खरा होत न्हाय.”

सतीशने गिटार उचललं आणि तो निघून गेला, तो पार्टीत पुन्हा आला नाही. नंतर लग्नांत आणि मयतींत दोघे समोरासमोर येत. “जय भीम” होई. त्यापुढे एक शब्द नसे.

सतीशची खात्री आंधळी होती असं नाही. उलट तिला पुरावे होते, हेच खरं दुर्दैव. ज्यांची कॅसेट निघते त्या गवयांचं गिटार बेसूर कसं असेल, हा पहिला पुरावा. दुसरा त्याच्या नोकरीतला. रिसीव्हर उचलल्यावर कानात जी अखंड ‘घूं’ ऐकू येते ती लाइनमनच्या कानाला दिवसातून पन्नास वेळा लागते, आणि ती ‘घूं’ त्याच्या गिटारच्या एका सुराशी जवळजवळ मिळत असे. कॅसेट एका बाजूला, सरकारी यंत्रणा दुसऱ्या बाजूला, दोघी एकच सांगतात; मग चुकली ती पेटीच. या हिशेबाने त्याने बेचाळीस वर्षं काढली आणि त्या सुरात आठ गाणी रचली.

गेल्या उन्हाळ्यात धम्मप्रिया माहेरी आली तेव्हा तिने वडिलांसाठी गिटारच्या मानेला चिमट्यासारखं लागणारं सूर दाखवण्याचं यंत्र आणलं. सतीशरावांनी पहिली तार छेडली. यंत्राचा काटा मध्यावर येईना. डावीकडे, थोडा नव्हे, थेट टोकाला जाऊन थांबला. दुसरी तार, तिसरी तार, सहाही तारा तशाच.

“बिघडलेलं दिलं तुला दुकानदारानं,” ते म्हणाले.

“आबा, सगळ्या तारा सारख्याच खाली कशा?” धम्मप्रिया म्हणाली. “बिघडलं असतं तर कुठं वर, कुठं खाली दाखवलं असतं की.”

मग तिने त्यांची जुनी वही काढली. कॅसेटमधले शब्द कानाला जसे आले तसे त्यांनी त्यात देवनागरीत उतरवले होते. त्यांतल्या निम्म्या शब्दांचा कोणत्याच भाषेत अर्थ लागत नव्हता, तरी तासाभराच्या खटाटोपाने तिने ते गाणं मोबाइलवर शोधून काढलं. सतीशरावांनी आपल्या आयुष्याचं पहिलं गाणं पहिल्यांदाच दुसऱ्या यंत्रावर ऐकलं. ते किंचित घाईत होतं आणि किंचित उंच होतं. मोबाइल जोरात पळतोय, असं त्यांना आधी वाटलं. पण काटा मध्यावर होता.

त्यांनी टेपरेकॉर्डर उघडला. त्याचे पट्टे त्यांनी आजवर चारदा बदलले होते. मोटारीला मात्र कधी हात लावला नव्हता. मोटारीच्या पाठीशी बारीक भोक असतं आणि त्यात वेग कमीजास्त करणारा स्क्रू असतो. त्या स्क्रूच्या डोक्यावर पेचकसाचे जुने ओरखडे होते. टेप त्यांच्या घरात येण्याआधीच कुणीतरी तो उलटा फिरवून ठेवला होता. सतीशरावांनी घड्याळजीचा पेचकस लावून स्क्रू केसभर सरळ फिरवला, आणि कॅसेट व मोबाइल एका सुरात गाऊ लागले.

पेटीच्या भाषेत सांगायचं तर त्यांचं गिटार काळी दोन आणि पांढरी तीन या शेजारशेजारच्या पट्ट्यांच्या बरोबर मधोमध होतं. जिथे पट्टीच नाही, तिथे. आणि विहाराच्या पटांगणात, शंभर माणसांदेखत, ज्या पेटीला त्यांनी खोटं ठरवलं होतं ती खरी होती.

“आता काय करनार?” सोनाबाईंनी जेवताना विचारलं.

“कुंभारीला जाऊन येतो.”

दुसऱ्या दिवशी ते निघताना सोनाबाईंनी शेंगाचटणीची पुडी पिशवीत टाकली आणि म्हणाल्या, “रिकाम्या हातानं चूक कबूल करू नये.”

कुंभारीच्या कामगार वसाहतीत जोतिरामदादा घरासमोर बाजेवर बसून सुपात शेंगा फोडत होते. वय एकोणसत्तर. मिशा पांढऱ्या, दंड अजून जाड.

“जय भीम, दादा.”

“जय भीम. ये. वाट चुकलास का काय?”

“आज न्हाय. आदी चुकलो हुतो, ते सांगायला आलो.”

त्यांनी सगळं सांगितलं: टेप, स्क्रू, काटा, टेलिफोनची घूं. जोतिरामदादा शेंगा फोडत राहिले. टरफलांचा आवाज थांबला नाही.

“म्हंजे पेटी बराबर हुती,” ते शेवटी म्हणाले.

“व्हय. बराबर हुती.”

“पुन्ना म्हण.”

“पेटी बराबर हुती, दादा. माजा टेप हळू पळत हुता.”

जोतिरामदादांनी सूप बाजूला ठेवलं. “तीन येळा अक्कलकोटला नेली मी ती,” ते हळू म्हणाले. “महादेवप्पा दर येळी सांगतोय, सूर लख्ख हाय. आन् मी घरी येऊन पुन्ना कान लावून बसतोय. बाप आजारी पडला तवा म्हणायचा, जोत्या, वाजव जरा. मी वाजवायचो, पन ध्यान कुटं? ही उतरलीया का चढलीया, ह्यात! तुला म्हाईत न्हाय सत्या, तू काय केलंस.”

सतीशरावांना खरोखरच माहीत नव्हतं. त्या दिवशीची जखम आपल्या एकट्याची आहे असंच ते आजवर धरून चालले होते. त्यांनी चटणीची पुडी पुढे केली. जोतिरामदादांनी ती उघडली, चिमूटभर तोंडात टाकली, आणि मग एकाएकी त्यांचे खांदे हलू लागले.

“टेप हळू पळत हुता!” ते हसत म्हणाले. “आरं, त्या टेपनं बेचाळीस वर्सं पळवलं की आपल्याला!”

मग सतीशरावांनी खोळीतून गिटार काढलं. ते त्यांनी यंत्र लावून खऱ्या सुरात आणलं होतं. “गाणं नव्यानं करतो, दादा, तुमच्या पेटीच्या सुरात. मदली जागा तुमचीच हाय.” आणि ते गाऊ लागले. पण मार्च महिन्यात त्यांचे वरचे पुढचे दात काढून कवळी बसवली होती, आणि ‘तारंवर बसलेल्या’ या शब्दांपाशी लांबलचक शिट्टी वाजली.

“चिमणी गाण्यात हाय का तोंडात?” जोतिरामदादांनी विचारलं.

गाणं तिथेच थांबलं. दात असताना, गेल्या हिवाळ्यात मुद्रित केलेला आवाज तेवढा मोबाइलवर होता, आणि तो अर्थातच जुन्या, पट्टी नसलेल्या सुरात होता. सतीशरावांनी तो लावला. जोतिरामदादांनी डोळे मिटले. ती मोकळी जागा आली तेव्हा ठेका एकटाच चालत राहिला, आणि सतीशरावांनी पाहिलं की दादांची बोटं सुपाच्या काठावर हलत होती. चोवीस सेकंद झाले, बोटं थांबली, पुढचं कडवं सुरू झालं. दादा काहीच विसरले नव्हते.

“ह्योच आवाज पायजे,” ते म्हणाले.

“ह्यो वर चढवता येतोय कॉम्प्युटरवर. धम्मप्रियानं दाखवलं.” सतीशरावांनी तसा चढवलेला नमुनाही ऐकवला.

“ह्यो कोन? ह्यो तर बँकेतला सायब बोलतोय. बंद कर.” जोतिरामदादांनी सूप पुन्हा पुढे ओढलं. “मग पेटीच खाली आणावी लागंल.”

सतीशराव दचकले. पेटीतल्या पितळी पातीला मुळाशी खरवडलं की सूर उतरतो, हे त्यांना ठाऊक होतं. आणि खरवडलेलं पितळ परत येत नाही, हेही. “नको दादा. बापाची पेटी हाय. आजकाल की-बोर्डवर बटण असतंय म्हणे, दाबलं की सूर खाली.”

“जागा कुनाची ठिवलीस? पेटीची का बटणाची?”

“पेटीची.”

“मग? पार्टीतबी आता की-बोर्डच हाय. ही कपाटावर झाकून बसलीया. बापाला वाजती पेटी आवडायची, झाकल्याली न्हाय.”

अक्कलकोटचे महादेवप्पा भजनी मंडळांच्या पेट्या दुरुस्त करतात. त्यांनी या दोघांचं म्हणणं ऐकलं आणि चष्मा कपाळावर सरकवला. “अय्यो, जोतिरामण्णा! तीन वेळा आणलात, तीन वेळा सांगितलं, पेटी चांगली हाय. आता चांगली हाय म्हणून बिघडवा म्हणता?”

“बिघडवू नका. ह्याच्यासारखी करा.”

“ह्यांच्यासारखी म्हणजे तेच की!”

पण हात त्यांनी चालवला. मधल्या जागेत वाजणारे स्वर मोजले, ते अकरा भरले. पेटी दुहेरी, एका स्वराला दोन पाती, म्हणजे बावीस. बाकीच्यांना मी शिवणार नाही, त्यांनी बजावलं. उद्या तुमची डोकी ठिकाणावर आली तर निदान उरलेली पेटी तरी शाबूत राहील. सतीशरावांनी गिटार पुन्हा आपल्या जुन्या सुरात उतरवलं. ते एक स्वर धरून ठेवत. महादेवप्पा पातीच्या मुळाशी हलकेच खरवडत, फुंकर मारत, ऐकत, पुन्हा खरवडत. दोन सूर एकमेकांपासून दूर असले की हवेत थरथर उठते. जवळ येऊ लागले की ती थरथर संथ होत जाते, आणि मिळाले की थांबते. प्रत्येक वेळी ती थांबली की महादेवप्पा म्हणत, “साकु!” म्हणजे पुरे. बावीस वेळा त्यांनी तो शब्द उच्चारला. जोतिरामदादा प्रत्येक वेळी पेटीकडे न बघता सतीशरावांकडे बघत होते.

लाल खुणेच्या दिवशी सकाळी अकरा वाजता जोतिरामदादा पेटी घेऊन गच्चीवर आले. चादरी सारख्या केल्या, माइक भात्यापासून दूर ठेवला, ठेका सुरू झाला. पहिलं कडवं जुन्या आवाजात वाजलं. मोकळी जागा आली, दादांनी भाता ओढला, पहिला स्वर उमटला, आणि त्याच क्षणी शेजारच्या मायाप्पाची मोटार घुमू लागली. पाठोपाठ गल्लीतल्या साऱ्या. पाणी एक दिवस आधीच आलं होतं.

जोतिरामदादांनी हात उचलला. “ऱ्हाऊ दे सत्या. उद्या येतो.”

सतीशरावांनी मान हलवली, पण त्यांचा चेहरा उतरला. एप्रिलातलं पटांगण त्यांना आठवलं. तिथेही पेटी पहिल्या काही स्वरांवरच थांबली होती.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. कधीही जिना न चढणाऱ्या सोनाबाई चहाची थाळी घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी थाळी जमिनीवर ठेवली आणि त्या गच्चीच्या कठड्याशी गेल्या.

“मायाप्पा! मोटार बंद कर! पाच मिन्टं!”

“वैनी, पानी आलंय!” खालून आवाज आला.

“पानी चार दिसांनी पुन्ना येतंय. हितं मानूस बेचाळीस वर्सांनी आलाय!”

मग मायाप्पाची मोटार थांबली. त्याने पुढच्या घराला हाक मारली, पुढच्याने त्याच्या पुढच्याला, आणि एकेक करून सारी घुमघुम विझत गेली. सतीशरावांनी गाणं पुन्हा सुरुवातीपासून लावलं. मोकळी जागा आली आणि जोतिरामदादा वाजवू लागले.

पेटीचा आवाज गिटारच्या खरखरीवर असा बसला की दोहोंमधली शिवण दिसेना. चाल साधी होती: खांबावर चढल्यासारखी पायरी-पायरीने वर जाणारी, वर थोडी थांबणारी, आणि उतरताना घाई न करणारी. ती संपली, कडवं आलं, गाणं शेवटाला पोचलं. सतीशरावांनी बटण दाबलं तेव्हा खालून मायाप्पाचा आवाज आला, “वैनी, झालं का? हांडा अर्धाच भरलाय!”

“झालं!” सोनाबाई म्हणाल्या, आणि गल्ली पुन्हा घुमू लागली.

चहा निवला होता, तो तिघांनी तसाच घेतला. जोतिरामदादांनी निघताना पेटी उचलली, जिन्यापर्यंत गेले, आणि परत येऊन ती चादरीखाली ठेवली.

“ही तितं नेऊन काय करू?” ते म्हणाले. “अकरा सूर तुजे, बाकीचे बापाचे. तुज्या गिटाराशिवाय आता ही कुटं वाजणार न्हाय. हितंच ऱ्हाऊ दे. मीच येत जाईन.”

“लाल दिवशी या,” सोनाबाईंनी बजावलं. “निळ्या दिवशी आलात तर हांडा उचलावा लागंल.”

“आन् आज कुटला हाय?”

सोनाबाईंनी खालच्या मोटारींचा आवाज ऐकला. “आता निळा हाय की,” त्या म्हणाल्या. “चला दोघं खाली.”